वर्दी परत केली

आमच्या गावात होमगार्ड आले ते युद्धाच्या दिवसांत. खिडक्यांना काळे कागद चिकटवायचे, उजेडाची रेघही बाहेर दिसता कामा नये, असा हुकूम होता. तो पाळला जातो की नाही हे बघायला एवढे पोलीस आणायचे कुठून? वाड्या पार समुद्रापर्यंत पसरलेल्या. म्हणून गावोगावची तरुण माणसं निवडून त्यांच्या हातात लाठी आणि शिट्टी दिली. माझा नवरा पहिल्याच खेपेला गेला. मुंबईत कारकुनी करणारा माणूस. घरच्या केळींना पाणी लावायचा त्याला कंटाळा, पण चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की माणिकपूरच्या शाळेच्या पटांगणावर परेडला जायला एका पायावर तयार.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, यावर भरपूर हसले. परेडचे हुकूम हिंदीत असत. नवरा आरशासमोर ‘दाहिने मुड, बाये मुड’ म्हणत वळायचा तेव्हा बाबा ओट्यावरून म्हणायचे, “आपल्या रहाटाच्या बैलाला हे न शिकवता येतं. तुला त्याला रविवार लागतो.” पगार नाही म्हटल्यावर तर त्यांनी त्याचं नावच पाडलं, ‘बिनपगारी फौजदार’. गावात कुणी विचारलं की सांगायचे, आमचा फौजदार परेडला गेलाय, चोरांनी सोमवारी यावं.

युद्ध संपलं. आम्हाला वाटलं, शिट्ट्याही परत जातील. त्या राहिल्या. कारण माणसं वाढत होती. नालासोपाऱ्याला, विरारला शेतं भरून चाळी उठत होत्या, जत्रेला, विसर्जनाला, निवडणुकीला गर्दी वाढत होती आणि पोलीस होते तेवढेच. मग काय, होमगार्डला बोलवा. पूर्वी त्यांच्यात सगळे आमच्यासारख्या जुन्या गावांतले, एकमेकांचे सोयरे. हळूहळू आचोळ्याच्या चाळींतले, चंदनसारचे, कारखान्यात पाळीवर जाणारे असे तरुणही आले. पुढे मुलीसुद्धा आल्या. माणसं भराभर वाढली, गणवेश मात्र वाढले नाहीत. नवीन भरती झालेले कित्येक महिने लेंगा-सदऱ्यावर परेड करायचे. माझ्या नवऱ्याचा गणवेशही मुळात दुसऱ्याचा होता. तो माणूस आखातात नोकरीला गेला आणि त्याची खाकी ह्याच्या वाट्याला आली. त्या दिवशी तो ती घालूनच जेवायला बसला होता.

त्या तुकडीत एक रीत पडली होती. कुणी लिहून दिली नव्हती. गणपतीच्या विसर्जनाला किनाऱ्यावर ख्रिस्ती गडी उभे राहायचे, म्हणजे हिंदूंना आपापल्या घरच्या गणपतीबरोबर जाता येई. नाताळला आणि चर्चच्या सणाला फाटकावर हिंदू गडी असायचे, म्हणजे आमच्यांना मिस्सा मिळे. माझ्या नवऱ्याला आरत्या तोंडपाठ झाल्या होत्या. फादरांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, चाल चुकवू नकोस.

बाबांची चेष्टा कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. एका जत्रेत हरवलेल्या म्हातारीला तो हाताला धरून तिच्या गावापर्यंत पोचवून आला, तिच्या माणसांनी घरी येऊन बाबांना शहाळी दिली. त्यानंतर असेल. बाबा बाजारात ‘आमचा मुलगा पोलिसात आहे’ म्हणायला लागले. मी एकदा म्हटलं, बाबा, होमगार्ड वेगळा. ते म्हणाले, “खाकी खाकीच असते, बाय. तू मधे बोलू नको.”

एक नियम मात्र खराच वेगळा होता. होमगार्ड हा बोलावणं आलं की होमगार्ड. वरून निरोप आला, नाव पुकारलं, की तो ड्युटीवर. एरवी तो तुमच्या-आमच्यासारखा माणूस.

एका ऑगस्टमध्ये पाऊस थांबेचना. आचोळ्याच्या बाजूला पूर्वी पाणी शेतांतून खाडीला जायचं. शेतं भरून चाळी झाल्यावर त्याला जायला वाट उरली नाही. सकाळी बातमी आली की चाळींत कंबरभर पाणी आहे, माणसं माळ्यावर बसलीत. टेलिफोन बंद. तुकडीचे कमांडर, ते शाळेत कवायतीचे मास्तर होते, पलीकडे कुठेतरी अडकलेले. बोलावणं आणणारं कुणी नव्हतंच. माझा नवरा खुंटीवरची खाकी काढून घालायला लागला.

मी म्हटलं, जायचं तर साध्या कपड्यांत जा, वर्दी खराब होईल.

तो म्हणाला, “बनियनवर जाऊन ‘खाली उतरा’ म्हटलं तर शिव्या घालतील. खाकी बघून उतरतात.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला. टाचेला पत्रा लागून चीर पडलेली. मी ती पाण्याने धुतली, हळद लावली. चार-दोन दिवसांत ताप चढला, मग डोळे पिवळे झाले. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पुराच्या घाण पाण्याचा ताप आहे, उशीर झाला. मी शेजारी बसून होते. शेवटच्या दुपारी त्याने मला विचारलं, परेड चुकली का? मी नाही म्हटलं. चुकली होती.

घरी आणलं तेव्हा ओटा माणसांनी भरलेला होता. आमच्यात माणसाला मातीत नेताना त्याचा सगळ्यात चांगला कपडा घालतात. बहुतेक पुरुष लग्नाच्या सुटात जातात. बाबा मला म्हणाले, त्याला वर्दीत न्यायचा. मी उत्तर द्यायच्या आत मास्तर आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले की बोलावणं नव्हतं, म्हणून हा मृत्यू ड्युटीवरचा धरता येणार नाही, सलामी देता येणार नाही. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मग म्हणाले, “वर्दी खरं तर जमा करायची असते. पण तुम्ही ठरवा, वहिनी. मी वर कुणाला विचारायला जाणार नाही.”

म्हणजे ते माझ्यावर आलं.

मी आत गेले. खाकी दोरीवर होती, चिखलाने कडक झालेली. मला ते पटांगण दिसत होतं आणि लेंग्यावर परेड करणारी माणसं. तीच माणसं त्या पुरात सदऱ्यावर उतरली असती तर त्यांचं कुणी ऐकलं नसतं, हे मला नवऱ्यानेच सांगितलं होतं. मी बाहेर येऊन म्हटलं, “बाबा, वर्दी परत द्यायची आहे.”

“कुणाला?”

“ज्याला नाही त्याला.”

“माझ्या पोराला मातीत न्यायला सरकारचं चार वार कापड जड झालं? तू त्याची बायको आहेस की सरकारची कारकून?”

मग ते जवळ आले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “सलामी नाही म्हणतात. बंदूक नाही, काही नाही. निदान होमगार्ड म्हणून तरी जाऊ दे त्याला.”

मी नाही म्हटलं. आज कुणी विचारलं तरी नाहीच म्हणेन. पण त्या वेळचा बाबांचा चेहरा मला कुणी विचारू नये.

सूट लग्नातला, अंगाला होईना. कोट पाठीतून उसवून घातला. कबरस्तानात तुकडीचे गडी आले होते, खाकी होती ते खाकीत, नव्हती ते पांढऱ्या सदऱ्यात. हुकूम देणारं कुणी नव्हतं, त्यामुळे रांग वेडीवाकडीच राहिली. माती लोटून होईपर्यंत कुणी हललं नाही.

आठव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर मी वर्दी धुवायला काढली. खिशांतून चिखल निघाला. दोरीला बांधलेली शिट्टी होती, तिच्यातही चिखल. काडीने साफ करून, चालते का बघायला, मी तिच्यात फुंकर मारली. वाजली. बाबा वाडीत होते. केळींमधून ते जवळजवळ धावत ओट्यापर्यंत आले. मोरीवर मी दिसले. माझ्या हातात शिट्टी. ते तसेच मागे वळले.

मी खळ घालून, इस्त्री करून वर्दी मास्तरांकडे पोचवली.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. भांडले नाहीत. मीठ कमी असलं तर भिंतीकडे बघून सांगायचे. गावातल्या बायका मला म्हणाल्या, बाई दगडाची आहे. दगडाला दोन वेळा स्वयंपाक करावा लागत नाही, एवढं मी एकीला ऐकवलं.

नाताळच्या सकाळी आम्ही मिस्सेला निघालो, बाबा पुढे, मी चार पावलं मागे. चर्चच्या फाटकावर एक होमगार्ड पाठमोरा उभा राहून सायकली एका बाजूला लावून घेत होता. बाबा जागीच थांबले. वर्दी मीही ओळखली. कॉलरची इस्त्री माझी नव्हती, पण डाव्या बाहीवर पुराचा डाग होता, जो मला काढता आला नव्हता. तो वळला. चंदनसारचा कुणी, पंचविशीतला, किडकिडीत. ‘नाताळच्या शुभेच्छा, बाबा’ म्हणाला. तो ते प्रत्येकालाच म्हणत होता.

बाबा आत गेले नाहीत. घंटा झाली, गाणी सुरू झाली, तरी ते फाटकाशीच. मीही थांबले. शेवटी त्यांनी हात पुढे करून त्याच्या खांद्यावरचं जास्तीचं कापड चिमटीत धरलं.

“तुला खांद्यात सैल होतो.”

“हो बाबा. मिळाला हेच खूप. आठ महिने लेंग्यावर काढले.”

बाबा काही वेळ ती चिमूट सोडेनात. मग म्हणाले, “सुटलास की घरी ये. आमची बाय शिवते.”

दुपारी तो आला. बाबांनी त्याला जेवायला बसवलं, वर नाताळच्या गोड कुलकुल्यांची बशी ठेवली. तो बनियनवर संकोचून बसला होता. मी शर्ट उलटा करून खांद्याची शिवण उसवली. बाबा माझ्यासमोर पाटावर येऊन बसले.

“किती घेतेस?”

“दोन बोटं.”

“दोन्हीकडे?”

“दोन्हीकडे.”

त्यांनी आपली दोन बोटं जुळवून बघितली, बराच वेळ. मग माझ्या हातातली सुई घेतली आणि दोरा ओवायला लागले. त्यांना दिसत नव्हतं. दोरा सारखा बाजूने जात होता, ते पुन्हा ओला करून टोक वळत होते. मी शर्ट मांडीवर धरून थांबले.