माझं पातळ, माझं वाक्य

दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हाची गोष्ट. आम्ही कासारवाडीला स्टेशनजवळच्या चाळीत राहत होतो. आमचे हे पिंपरीच्या एका कंपनीत फिटर, आणि तिथल्या नाट्यमंडळाचे लेखक, दिग्दर्शक, नट, सगळं हेच. समाज बदलायचा तर नाटकासारखं साधन नाही, असं येईल त्याला सांगायचे. समाज म्हणजे बाकीचे सगळे. मला त्यात धरलेलं नव्हतं.

मी मॅट्रिक झालेली. चिंचवडच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळायच्या कामाला बायका घेत होते. मला जायचं होतं. पहिली शिफ्ट केली की दुपारी घरी, मुलं शाळेतून यायच्या आत. हे म्हणाले, घराकडे कोण बघणार? मग जुंपली आमची. बोलता बोलता म्हणाले, तुला दिवसभर काम तरी काय असतं? मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "दिवसभर मी जे करते ते तुम्ही संध्याकाळी खाऊन टाकता, आणि मग विचारता, केलंस काय." हे एकदम गप्प. पुढचे दोन-तीन दिवसही गप्पच. मला वाटलं, लागलं बरोबर वर्मी, आता हो म्हणतील.

गप्प कसले, लिहीत होते!

गणपतीसाठी नवीन नाटक. नवरा बायकोला नोकरीला जाऊ देत नाही आणि शेवटी त्याचे डोळे उघडतात, असं. नवरा हे स्वतः. बायको म्हणून त्यांच्याच कंपनीतली पॅकिंगमधली एक मुलगी. तालमी आमच्या बाहेरच्या खोलीत. मी आत स्टोव्हला पंप मारतेय आणि बाहेर माझं वाक्य दुसरीच्या तोंडात! अंगाचा तिळपापड झाला नुसता. आणि म्हणायची कशी, तर रडत. अगं मेले, ते रडत म्हणायचं नसतं, लाटणं हातात धरून म्हणायचं असतं. हे मात्र, वा, काय बोललीस. मला लग्न झाल्यापासून एकदा वा म्हणाले असतील तर शपथ. वर तिला साधं सुती पातळ हवं म्हणून माझंच काढून दिलं, मला न विचारता. मुलगी वाईट नव्हती हो. वाईट असती तर मनसोक्त राग तरी करता आला असता. तालीम संपली की कपबशा विसळून ठेवायची. मला त्याचाही राग यायचा.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून प्रयोग गुरुवारी दुपारी, चाळीच्या मांडवात. माझ्या वाक्याला अशा टाळ्या पडल्या की हे पुढचं बोलायचे थांबले. शेजारीण माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, किती खरं बोलते हो ही बाई.

नाटकानंतर आरती. आमच्या गणेश मंडळात आरती जोडीनं करायची रीत, आणि त्या दिवशीचा मान लेखकाचा. मंडळाचे अध्यक्ष जुने गाववाले, चाळीबाहेरचे, म्हातारे. त्यांनी ताट ह्यांच्या हातात दिलं आणि त्या मुलीला म्हणाले, "या वहिनी, तुमीबी हात लावा." आत्ताच दोघांचा संसार बघितला होता ना, म्हाताऱ्याला तो खराच वाटला. मुलगी गोरीमोरी झाली. हे काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले. हे बोलले नाहीत. लोकांनी आरती सुरूसुद्धा केली. माझं पातळ नेसून ती ह्यांच्या शेजारी उभी, आणि मी खाली जाजमावर.

घरी आल्यावर मी विचारलं, नाटकातल्या बाईला जाऊ दिलंत, मला कधी?

हे म्हणाले, "नाटकातल्या बाईला मुलं नाहीत."

थोड्याच दिवसांत शेजारीण पेढे घेऊन आली. नाटक बघून तिच्या नवऱ्याचं मन पालटलं होतं. त्यानं स्वतः सायकलवरून गेटपर्यंत नेऊन तिचं नाव घातलं, आणि मला हवं होतं त्याच कामावर ती लागली. तिचं पोर अजून रांगतं. म्हणाली, वहिनी, तुम्ही घरीच असता ना, ठेवू का तुमच्याकडे? नाही कसं म्हणायचं? मग रोज सकाळी पोर कडेवर घेऊन मी दारात उभी, आणि ती डबा घेऊन झपझप स्टेशनकडे. तिची ती घाई बघून मी जळायचे. नवी चप्पल घेतली तिनं, तर त्या चपलेवरसुद्धा जळले.

दिवाळीच्या सुमारास, ह्यांची दुसरी शिफ्ट असताना, एका सकाळी पुण्याहून ह्यांच्याकडे नाटकवाली मंडळी आली. ह्यांची कळी खुललेली. आमच्याच चाळीतली बाई आमचं नाटक बघून कामाला लागली, हे तिखटमीठ लावून सांगत होते. मंडळी भारावून गेली. त्यातल्या एकानं सहज विचारलं, आणि वहिनी कुठं असतात कामाला?

"तिला बाहेरच्या कामाची आवडच नाही," हे म्हणाले.

मी आतून बाहेर आले. शेजारणीचं पोर ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "आवड आहे. पण गेटपर्यंत नेणारा नवरा शेजारणीला मिळाला."

पोरानं भोकाड पसरलं. ह्यांना ते कसं धरायचं तेही ठाऊक नव्हतं. हे माझ्याकडे बघायला लागले, मग पाहुणेही माझ्याकडे बघायला लागले. मी पोराला परत घेतलं नाही.