न पाठवलेल्या प्रश्नाचं उत्तर

भूतखेत, करणी, अंगात येणं… यातलं मी काहीही मानत नाही. बेरीज जुळली तर खरं, नाही जुळली तर पुन्हा करायची, असा माझा स्वभाव. ही एक बेरीज मात्र अजून जुळलेली नाही.

मी किहीमला राहतो. अलिबागच्या एका ट्रस्टच्या लॉ लायब्ररीत बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. इकडच्या घराघरातलं कुणी ना कुणी आखातात नाहीतर जहाजावर, त्यामुळे परदेशी कायद्यांची विचारणा बरीच होते. इंटरनेटवर सापडलेला कायदा आम्ही तसाच देत नाही. त्या देशातल्या लायब्ररीला ईमेलने विचारतो, त्यांनी स्कॅन पाठवला की तपासून देतो. त्यांना आपला कायदा लागला तर आपण पाठवतो. एक नियम पक्का — कुठल्या तारखेचा कायदा हवा हे लिहिल्याशिवाय प्रश्न जायचा नाही. कायदे बदलत राहतात. म्हणून बाहेर जाणारे ईमेल फक्त माझ्या कॉम्प्युटरवरून जातात, आणि पासवर्ड माझ्याकडेच असतो.

प्रणाली दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आली. तिच्या नावाने गेलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी उत्तर. माझ्या प्रश्नाला नुसती पोच यायला आठवडा! लायब्ररी तीच, भाषा तीच. कमिटीवाले आले की आधी विचारतात, "प्रणाली कुठाय?" मला ते खुपतं. उगाच खोटं कशाला बोलू?

एका शनिवारी म्हसळ्याच्या शबानाभाभी आल्या. नवरा आखातात क्रेनवर काम करताना गेला होता. (देशाचं नाव मुद्दाम देत नाही.) कंपनीकडून भरपाई मागायची होती.

"सर, सगळे म्हणतात मुदत गेली. दोन पोरी हायत माझ्या."

मी चालू कायदा पाहिला. मध्यंतरी तो बदलून मुदत कमी झाली होती, आणि भाभींच्या अंदाजाचा महिना धरला तर ती खरंच गेली होती.

प्रणाली म्हणाली, "पण सर, कायदा बदलायच्या आधीचा मृत्यू असला तर? जुनी मुदत लागेल ना?"

"तारीख काय?" मी भाभींना विचारलं.

"ठाऊक न्हाय. कंपनीनं लय उशिरा कळवलं. दाखला दिराकडं हाय, तो सोमवारी मुंबईहून येतोय."

"मग प्रश्न सोमवारी जाईल."

"सर तारखेशिवाय चहासुद्धा पीत नाहीत, भाभी," प्रणाली म्हणाली. भाभी तेवढ्यातही हसल्या. मी नाही हसलो.

तारखेची जागा कोरी ठेवून तिने माझ्या कॉम्प्युटरवर ड्राफ्ट करून ठेवला. मी कॉम्प्युटर बंद केला आणि लायब्ररीला कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी उघडतो तर इनबॉक्समध्ये त्या लायब्ररीचं उत्तर! सुरुवात 'प्रिय प्रणाली' अशी. सोबत जुन्या कायद्याचा स्कॅन, आणि खाली लिहिलेलं — मृत्यू अकरा फेब्रुवारीचा, म्हणजे बदलाच्या आधीचा, म्हणून जुनी मुदत लागू. ती अजून शिल्लक आहे.

ड्राफ्ट जागच्या जागी होता. तारीख कोरी. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने सगळं तपासलं. "सर, इथून काय गेलेलंच नाय."

दुपारी भाभी दाखला घेऊन आल्या. अकरा फेब्रुवारी.

"ही तारीख तुम्ही प्रणालीला फोनवर सांगितली होती?"

"मलाच आत्ता कळली सर. बसमध्ये वाचली."

प्रणाली बिचारी पांढरीफटक पडली होती. मला मात्र भीती वाटण्याआधी राग आला.

आमचा प्रश्न तुमच्याकडे पोचला कसा, असं मी त्या लायब्ररीला माझ्या नावाने विचारलं. उत्तर आलं तेही 'प्रिय प्रणाली'… प्रश्न मिळाला, म्हणून उत्तर दिलं. एवढंच.

दावा मुदतीत दाखल झाला आणि मंजूरही झाला. भाभींनी मिठाईचा डबा प्रणालीच्या हातात दिला. दोन मुलींचं भलं झालं, त्याचा मला आनंदच आहे. पण हे जे काही आहे त्याला तारीख कळते, कलम कळतं… मग बावीस वर्षं नियमाने काम करणारा माणूस कसा कळत नाही?

हल्ली मीही प्रश्न लिहितो. नाव माझं, तारीख, कलम, सगळं चोख. पाठवत नाही, ठेवून देतो. सकाळी आलो की आधी इनबॉक्स पाहतो.

"कुणाची वाट बघताय, सर?" प्रणाली विचारते.

"कुणाची नाही," मी म्हणतो.

अजून एकाचंही उत्तर आलेलं नाही.