वरून पडणारा थेंब

परवा गुरुवारी वाघोलीच्या एका कॉलेजात बोलणी खायला गेलो होतो. प्रयोगशाळेला लागणारी काचेची भांडी मी पुरवतो, आणि तिथल्या केमिस्ट्रीच्या मॅडमचा फोन आला होता… "तुमचे चाळीसच्या चाळीस ब्युरेट गळतात. या आणि घेऊन जा."

ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली, खाली कॉक म्हणजे बारीक तोटी असलेली उभी काचनळी. चाळीस परत आले तर माल जाईलच, पण नावही जाईल. कॉलेजांतल्या मॅडम एकमेकींना फोन करतात…

लॅबमध्ये मुली व्हिनेगरमध्ये ॲसिड किती ते काढत होत्या. फ्लास्कमध्ये पातळ केलेलं व्हिनेगर आणि दोन थेंब इंडिकेटर, वर ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोड्याचं पाणी. ते थेंब थेंब सोडायचं. ॲसिड संपलं की फिकट गुलाबी रंग येतो, तिथे थांबून आकडा वाचायचा.

तीनदा करून तिन्ही आकडे जुळायला हवेत. इथे जुळत नव्हते.

"ठिबक सिंचनाला उत्तम आहेत," मॅडम म्हणाल्या. "तिकडे का नाही विकत?"

मी एकेका कॉकखाली बोट लावून पाहिलं. कोरडं. पण कोरडं बोट दाखवून कोण ऐकतंय…

तेवढ्यात लाईट गेली. गुरुवारच तो, आमच्याकडे लाईट जायचा वार. पंखे रेंगाळत थांबले आणि ती मोठी खोली विहिरीच्या तळासारखी शांत झाली. खिडकीतून पांढरट ऊन येत होतं. त्या उन्हात वीस फ्लास्क फिरत होते आणि प्रत्येकात गुलाबी रंग उठत होता, विरत होता… मी कशाला आलोय तेच क्षणभर विसरलो.

आणि ऐकू आलं… टुप्.

माझे कान जरा जास्तच तिखट आहेत, घरी त्यावरून बोलणी खातो. खालचे थेंब पडत होतेच, पण हा आवाज वरचा होता. थोड्या वेळाने पुन्हा… टुप्.

वर पाहिलं. प्रत्येक ब्युरेटच्या तोंडात भरायचं नरसाळं तसंच होतं, त्यावर कागदाची चकती. शेजारच्या मुलीला हळूच विचारलं.

"काका, बाहेर बांधकाम चालू आहे ना, धूळ जाऊ नये म्हणून. मॅडमची आयडिया."

नरसाळ्यात अडकलेले थेंब मध्येच आत पडत होते, नळीतली पातळी बदलत होती. आकडे जुळणार कसे?

तिथेच बोललो असतो तर जिंकलो असतो. पण समोर वीस मुली, आणि मॅडमची आयडिया… मी म्हटलं, "मॅडम, वीस वर्षं हे विकतोय, पण बारावीच्या प्रॅक्टिकलआधीच माझं कॉलेज सुटलं. एकदा करून बघू? हे नरसाळं तेवढं काढतो, माझ्या हातून फुटायचं."

"करा. फुटलं तर भरून द्यायचं."

पहिल्यांदा हात घाईत फिरला, रंग एकदम गडद झाला. "गुलकंद झाला," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्यांदा श्वास धरून… एक थेंब. रंग उमलला, गेला. मग अर्धा थेंब… आणि राहिला. तान्ह्या बाळाच्या नखासारखा फिकट. नऊ पॉइंट चार.

त्या मुलीनेही नरसाळं काढून केलं. नऊ पॉइंट चार. मग मॅडमनी स्वतः केलं. नऊ पॉइंट चार.

मॅडमनी टेबलावरचं नरसाळं उचलून उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "मुलींनो, सगळ्यांनी नरसाळी काढा. माझं चुकलं. धुळीसाठी खिडक्या लावू."

आणि माझ्याजवळ येऊन हळूच, "ब्युरेट राहू द्या. आणि अहो, तुमच्या हातून काही फुटत नाही, कळलंय मला."

"काका, तो रंग टिकत नाही हं, हवेने जातो," ती मुलगी म्हणाली. तरी मी फ्लास्क घेऊन खिडकीशी उभाच होतो. लाईट आली, पंखे सुरू झाले, कुणीतरी हसलं…

वीस वर्षं रिकाम्या नळ्या विकल्या. त्यांतून असं काही खाली उतरतं, हे बघू दिलंत… थँक यू, मॅडम.