गव्याचं रडणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण परवा परत एकानं विचारलं — ते गव्याचं रडणं कसं मिळवलंत हो? आणि मी परत तेच ठोकून दिलं — महिनाभर राधानगरीच्या जंगलात बसलो होतो! वैताग आलाय नुसता. त्यांचा नाही, माझाच.

मी सिनेमासाठी आवाज टिपतो. त्या सिनेमात गव्याच्या मादीचं पिल्लू एका माणसामुळं मरतं, ती रडते, आणि शेवटी त्याच माणसाला माफ करते. जंगलात बसलो होतो, हे खरं. पण गवे काय करतात? फुसकारतात आणि पळून जातात. त्यांच्या मनात काय चाललंय, ते आम्हाला कुठं कळतंय? दिग्दर्शकाचा मात्र एकच धोशा — रडली पाहिजे.

मग मी मावशीकडं गेलो, तिथंच जवळच्या गावात. तिची म्हैस, मोरी, नुकतीच व्यालेली. मावशीला दोन दिवस लेकीकडं पेठ वडगावला जायचं होतं. गोठा माझ्यावर टाकून ती निर्धास्त गेली. आणि मी — कसं सांगू? — मोरीचं रेडकू सोडलं आणि लांब रानातल्या खोपीत नेऊन बांधलं. मोरी दोन दिवस रेकत होती. दावं ओढून ओढून मान सोलली तिनं. मी माईक धरून बसलेलो. आणि खरं सांगू? खूश होतो.

रेडकू बाटलीनं दूध पिईना. मावशी यायच्या आधी ते परत आणून बांधलं, पण चौथ्या दिवशी गेलं. तू नसताना हगवण लागली होती, असं मी तिला सांगितलं.

कोल्हापुरात सिनेमा लागला तेव्हा तिला घेऊन गेलो. तो प्रसंग आला आणि ती भर थेटरात ओरडली, "आरं, ही माझी मोरी हाय की!" लोक हसले. मी म्हणालो, "न्हाय मावशी, गवा हाय त्यो." मग तीही हसली, पदर तोंडाला लावून. बाहेर लोक डोळे पुसत माणसाच्या आणि जनावराच्या नात्यावर बोलत होते. डोंबलाचं नातं!

अजूनही मी गेलो की मावशी भाकरी वाढता वाढता म्हणते, तवा वडगावला गेले नसते तर रेडकू जगलं असतं, माझंच चुकलं. दर वेळी म्हणते. मी मान खाली घालून जेवतो. आणि वर आणखी रस्सा मागून घेतो.