खिशातले सुके बोंबील

आज सुनेने लाक्स तळला, म्हणजे सॅमन. हॅम्बर्गच्या या स्वयंपाकघरात तो वास आला आणि मला अलास्काची नदी आठवली. मुलाने मला आणि हिला तिथे सॅमन धरणारी अस्वलं दाखवायला नेलं होतं.

वाटाड्याने खाणं जवळ ठेवायला मनाई केली होती. मी कोणाचं ऐकतो? कोटाच्या खिशात सुके बोंबील होतेच. एक अस्वल मासे सोडून, नाक वर करून आमच्याकडे निघालं. वाटाड्याने सगळ्यांना मागे घेतलं आणि विचारलं, "खाणं कोणाकडे आहे?"

मी नदीकडे बघत राहिलो. हिने हळूच माझ्या खिशातली पुडी काढली. मुलाला म्हणाली, "सांग त्याला, माझी आहे."

वाटाड्याने पुडीसकट तिला गाडीत बसवलं. मी संध्याकाळपर्यंत अस्वलं बघितली.

परतताना तिने विचारलं, "अहो, अस्वल मासा धरतं कसं?"

"तोंडाने," मी म्हणालो. तेव्हा एवढं उत्तर मला पुरेसं वाटलं होतं.