फळ्यावरची केळ

ओल्या फळ्याला एक वास असतो. खडूचा, जुन्या स्पंजाचा आणि थोडासा पाणी पिऊन बसलेल्या भिंतीचा. नव्वदच्या दशकातल्या माझ्या हिवाळी सकाळी मला आजही त्याच वासासकट आठवतात. आणि त्याच्या मागोमाग कुंपणापलीकडच्या वाडीतला सोनचाफा, नुकतं शिंपण झालेली माती, कुठल्याशा चुलीवर तापणाऱ्या पाण्याचा धूर असं सगळं एकेक करून आठवणीत येतं. वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला असलेल्या एका गावातली ती मराठी शाळा. मी विरारला बोळिंजच्या एका नव्या इमारतीत राहायची, एसटीने यायची आणि फाट्यावर उतरून केळीच्या वाड्यांमधल्या पाऊलवाटेने चालत शाळा गाठायची. त्या वाटेवर ऊन थेट अंगावर पडत नसे. रुंद, दवाने जड झालेल्या पानांतून गाळून आलेला एक हिरवट, मृदू प्रकाश तेवढा अवतीभवती असे आणि त्यात माझी इस्त्रीची पांढरी साडीसुद्धा हिरवी दिसे. दिवसाच्या सगळ्या कटकटी त्या वाटेच्या शेवटी सुरू होत.

पहिली कटकट म्हणजे सुविचार. शाळेच्या फाटकाशी, घंटेखाली एक छोटा फळा होता आणि त्यावर रोज सकाळी एक सुविचार लिहिण्याचं काम नवी शिक्षिका म्हणून माझ्या गळ्यात पडलं होतं. खोटं कशाला सांगू, सुविचाराचं माझं कधी जमलंच नाही. सत्य, वेळ, परिश्रम, आईवडिलांची सेवा यांच्याविषयी मी सुवाच्य अक्षरात लिहीत होते आणि मुलं त्या फळ्यावरून अशी जात होती की जणू तिथे कोरी भिंतच आहे. एकदा मी मुद्दाम कालचाच सुविचार तसाच ठेवला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मुख्याध्यापिका सामंतबाईंच्यासुद्धा नाही, आणि त्यांच्या नजरेतून शाळेतली पालही सुटत नसे.

त्याच सुमारास विरार स्टेशनाबाहेरच्या पदपथावर मला ते पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, उरलेल्या अर्ध्यावर एक उंट आणि एक अग्निबाण, कागद पिवळा, छपाई कुठे गडद कुठे फिकी. जगातल्या नवलांची, विचित्र गोष्टींची ती एक भेळ होती. कशाचा कशाशी संबंध नाही, आगा नाही पिछा नाही. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याच्याच खाली शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूहून मोठा असतो. साहित्याच्या पदवीधर बाईने असली पुस्तकं वाचू नयेत हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि एसटीत बसून अधाशासारखं वाचून काढलं.

असल्या गोष्टींत असतं तरी काय, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. त्यांनी पोट भरत नाही, परीक्षेत त्या येत नाहीत, शहामृगाच्या मेंदूवाचून आपलं काही अडत नाही. तरीही अशी एखादी ओळ वाचल्यावर मनाला जी एक हलकी उसळी येते, तिची सर कुठल्याही उपदेशाला नाही. उपदेश आपल्याला लहान करतो. नवल मात्र जगाला मोठं करतं, आणि त्या मोठ्या झालेल्या जगात आपल्यालाही थोडं ऐसपैस वाटतं. हे मला तेव्हा असं नीट सांगता आलं नसतं. मी फक्त एका सोमवारी स्पंज फिरवला आणि सुविचाराच्या जागी लिहिलं, की जिराफाच्या मानेत माणसाच्या मानेइतकीच हाडं असतात.

फाटकाशी मुलं थबकली. मग एकाने हळूच स्वतःच्या मानेला हात लावला, मग दुसरीने, आणि प्रार्थनेला रांगा लागल्या तेव्हा अख्खी शाळा एका हाताने आपापली मान चाचपत उभी होती. सामंतबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रार्थनेत डोळे मिटून घेतले.

त्यातूनच माझी एक पद्धत ठरली. फळा लहान, त्यावर दोन ओळींच्या वर काही मावत नसे. म्हणून मी प्रत्येक नवल दोन दिवसांत मांडायची. पहिल्या दिवशी चक्रावून टाकणारा अर्धा भाग आणि खाली कोपऱ्यात 'उरलेलं उद्या'. दुसऱ्या दिवशी त्याचं कारण, त्याची उकल. मधल्या एका दिवसात मुलं घरी जाऊन भांडत, पैजा लावत, आईबापांना भंडावून सोडत, आणि दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी फाटकाशी हजर. मला विचाराल तर शिक्षण त्या मधल्या दिवसातच होतं. आजवर नुसती उत्तरं देणारी मुलं आता प्रश्न विचारू लागली होती, आणि त्या दिवसांत मी शाळेत चालत येत नव्हते, तरंगत येत होते.

आणि मग मी केळीला हात घातला. डोक्यात काही वाईट नव्हतं. उलट वाटलं, गाव केळीच्या वाड्यांचं, मुलांना आपल्या दारातलं नवल सांगू. त्या गुरुवारी फळ्यावर लिहिलं: 'केळ हे झाड नाही. उरलेलं उद्या.'

सहावीतली सिसिलिया हे वाक्य घेऊन घरी गेली. तिचा आजा, पास्कूआजा, गावातला जुना वाडीवाला. पानांच्या टोकावरून केळीचं दुखणं ओळखणारा, शिस्तीचा, फटकळ माणूस. दोन्ही मुलगे नोकरीला लागलेले, वाडी आता कुणासाठी करायची असं रोज बापाला विचारणारे. आणि जमिनीचे दलाल कुंपणापर्यंत येऊन पोहोचलेले. अशा घरात रात्रीच्या जेवणाला सिसिलियाने जाहीर केलं, की आपल्या वाडीत एकसुद्धा झाड नाही, बाईंनी लिहिलंय. मुलगे पोट धरून हसले. म्हातारा पानावरून उठून गेला.

शुक्रवारी सकाळी मी उरलेलं लिहायला खडू उचलते न उचलते तोच पास्कूआजा फाटकातून आत आले. चर्चमध्ये मिस्साला जाताना घालायचा पांढरा सदरा, हातात छत्री, चेहरा ताठ. घरची बोली त्यांनी फाटकाबाहेर ठेवली होती. माझ्याशी एकेक शब्द तोलून शाळेच्या मराठीत बोलले.

"बाई, ते झाड नाही तर जन्मभर मी लावलं काय, तेवढं सांगा."

मी चपापले. पुस्तक उघडायला गेले, तर त्यांनी हात आडवा केला. पुस्तकातलं अर्धं ऐकून घरात हसं झालं, उरलेलं अर्धं ऐकायची हौस नाही, म्हणाले. एव्हाना सामंतबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी स्पंज घेतला आणि फळा स्वतः पुसला. सोमवारपासून पुन्हा सुविचार, त्यांनी सांगितलं. हा नवलांचा बाजार पुन्हा हवा असेल तर पास्कूआजांनी स्वतः येऊन तसं म्हणावं. फाटकाशी उरलेल्याची वाट बघत थांबलेली मुलं त्या ओल्या, काळ्या फळ्याकडे बघत उभी राहिली. मला रडू आलं नाही, संताप आला. शाळेवर, पुस्तकावर, दोन ओळींच्या फळ्यावर, आणि खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्यावरही. पण त्यांचा तो प्रश्न काही केल्या कानातून जाईना.

ते फाटकाबाहेर वाटेला लागले होते. मी मागून धावत गेले.

"पुस्तक राहू द्या, आजा. तुमची केळ तुम्हीच कापा. आम्ही नुसतं बघतो."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. माझ्या साडीकडे जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "उद्या शनिवार. शाळा सुटली की या. ती साडी नेसून येऊ नका, केळीचा डाग जात नाही."

मी मुलांना घेऊन गेले, आणि हट्टाने तीच नेसून.

दुपारचं ऊन वाडीत शिरेपर्यंत थंड झालेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं. पाटातून पाणी खळाळत होतं, कुठेतरी पंपाचा एकसुरी आवाज येत होता, आणि मातीवर पानांच्या सावल्या संथपणे हलत होत्या. घड उतरवून झालेली एक केळ पास्कूआजांनी निवडली. घड दिलेली केळ कापायचीच असते. शेजारी तिचे मुनवे, तिच्या मुळाशी फुटलेली पिल्लं, उभे असतात, पुढचा घड त्यांचा. कोयता लावण्याआधी त्यांनी तिच्या अंगावरून एकदा हात फिरवला. मग एका तिरप्या घावात ती खाली आली. आवाज झाला तोही पाण्यासारखा.

त्यांनी बुंधा मुलांपुढे ठेवला आणि म्हणाले, "शोधा लाकूड."

मुलं तुटून पडली. बुंध्याचा एकेक सोप, एकेक थर, उलगडत गेला. बाहेरचे तपकिरी, आतले हिरवे, त्याच्या आतले पोपटी, मग पांढुरके, प्रत्येकाच्या पोटात जाळीदार कप्पे आणि कप्प्यांत गार पाणी. एकाच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा. हात चिकट झाले, गणवेश डागाळले, माझ्या निऱ्यांवर शिंतोडे उडाले आणि सिसिलिया शेवटी अगदी आतल्या, मऊ, मेणासारख्या गाभ्याशी पोहोचली. तो तिने नखाने दाबून पाहिला. नख सहज आत गेलं.

"आजा, संपलं."

लाकूड नव्हतंच. पास्कूआजा उलगडलेल्या त्या ढिगाकडे बघत उभे होते. लाकूड नसतं हे त्यांना काय कुणी सांगायला हवं होतं? हजारदा कापली असेल त्यांनी केळ. पण कापून, ओढून, खतात टाकून पुढच्या कामाला लागायचं. बसून तिला अशी उलगडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मग ते म्हणाले, आणि या वेळी माझ्याशी नव्हे, स्वतःशीच, "म्हणजे पानंच सगळी. पानांनी पानांना धरून उभं राहायचं आणि एवढा घड तोलायचा."

आता मी पुस्तक काढलं, आणि त्यांनी हात आडवा केला नाही. मी उरलेलं वाचलं: की ज्याला आपण खोड म्हणतो ती एकमेकांना मिठी मारून उभी राहिलेली पानांची देठं असतात, आणि लाकडाचा कणही नसताना इतकी उंची गाठणारी, इतका भार पेलणारी, बिनलाकडाच्या जातीतली केळ ही पृथ्वीवरची सगळ्यांत मोठी वनस्पती आहे.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. मग ते वळून घराच्या दिशेने ओरडले. थोरला मुलगा, आंतोन, सुट्टीच्या दिवसाचा आळस अंगावर घेऊन मागच्या दारातून आला. पास्कूआजांनी त्याला त्या ढिगापुढे उभं केलं आणि मला खूण केली. मी तिसऱ्यांदा वाचलं. आंतोन हसला नाही. तो खाली वाकला, एक सोप उचलून उजेडात धरला, त्याच्या कप्प्यांतून येणारा प्रकाश पाहिला, आणि तसाच हातात धरून उभा राहिला. बापाने त्याच्याकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मला माझी साडी, माझा फळा, सामंतबाई, सगळ्याचा विसर पडला. मग मी उगाचच मुलांवर ओरडले.

रविवारी मिस्सा झाल्यावर देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, अंगणात पास्कूआजांनी कुणाकुणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. सोमवारी एसटीला उशीर झाला. धापा टाकत वाटेने येते तर फाटकाशी ही गर्दी. मुलं तर होतीच, पण फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, सायकल धरून उभे असलेले बाप्ये, दूधवाला, आणि सगळ्यांच्या पुढे छत्री टेकून उभे असलेले पास्कूआजा. फळा पुसून लखलखीत केलेला. सामंतबाईंनी खडू माझ्यापुढे धरला. चेहरा कडकच, पण आवाजात काहीतरी वेगळं होतं.

"लिहा उरलेलं. लोक खोळंबलेत."

मी लिहिलं. त्या फळ्यावर दोनच ओळी मावतात हे मला ठाऊक होतं. तरी अक्षर बारीक करून, कडेकडेने, चौकटीपर्यंत भरून मी सगळं लिहिलं. पास्कूआजा एकेक शब्द मोठ्याने वाचत गेले, आणि 'सगळ्यांत मोठी' या शब्दांशी पोहोचल्यावर थांबले, मागे वळले, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून घेतल्यावरच पुढे गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या सकाळी मी जिंकले होते, शाळा जिंकली होती, आणि केळीची ती सबंध वाट माझ्या पाठीशी दिमाखात उभी होती, असं मला वाटलं. आजही वाटतं, त्यात मला काही लाजायचं कारण दिसत नाही.

घंटा झाली, माणसं पांगली. पास्कूआजा मात्र रेंगाळले. जवळ येऊन त्यांनी विचारलं, जरा संकोचून, पहिल्यांदाच घरच्या बोलीच्या वळणाने, की त्या पुस्तकात त्यांच्या विहिरीविषयी काही आहे का. समुद्र इतका जवळ, तरी तिचं पाणी गोड कसं.

मी म्हटलं, "नाही आजा. पण तुम्ही सांगा, मी लिहिते."

ते वाडीकडे वळून बघत राहिले. सुरुवात कुठून करावी तेच त्यांना कळेना.