सुवार्ताचा गुडघा

दिनकरचा फोन आला तेव्हा मी अंगणात बसून पेरू निवडत होते. चांगले एका पाटीत, डागी दुसऱ्या पाटीत. दिनकर म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, सुवार्ताचा धाकटा भाऊ. "अलकाताई, अक्का गेली," एवढंच म्हणाला. रविवार होता. सकाळी ती चर्चला जाऊन आली, बूट काढून पुसले, जागेवर ठेवले, भावजयीला "जरा पडते" म्हणाली आणि पडली ती उठलीच नाही. चौसष्टावं चालू होतं तिला. मला आधी रडू आलं नाही. खरं सांगते, राग आला. ही बाई महिनाभरासाठी कुठं जायची झाली तरी आधी माझ्यापुढे कागद धरायची, माझी सही घ्यायची आणि मगच पेटी भरायची... आणि आता एवढ्या लांब निघाली तर एका शब्दानं विचारलं नाही.

ही सहीची भानगड आमच्या नोकरीतली. आम्ही दोघी राहात्याच्या एकाच सरकारी रुग्णालयात परिचारिका होतो. आमच्याकडे रीत अशी की रजा हवी असेल तर आपल्या जागी उभी राहणारी सिस्टर आपणच शोधायची, अर्जाच्या तळाशी 'बदली कर्मचारी' असा रकाना असायचा त्यात तिचं नाव लिहायचं आणि तिची सही आणायची. सही नाही तर रजा नाही. आम्हा सगळ्याजणींची लग्नं, बाळंतपणं, भाच्यांची बारशी त्या एका रकान्यातून पार पडली. माझ्या अर्जावर कायम सुवार्ताचं नाव आणि तिच्या अर्जावर माझं. ती राहात्याचीच. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, मी शेतकऱ्याच्या घरातली सून. ती नाताळात आमच्याकडे डबाभर करंज्या पाठवायची आणि दिवाळीत आमच्या करंज्यांना नावं ठेवायची. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारलेलं तिला आवडायचं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. कामात मात्र भयंकर कडक. एकदा मी दुपारी दोनचं तापमान विसरले आणि चार वाजता घेऊन तक्त्यावर दोनच्या घरात भरलं. तिनं तो तक्ता माझ्यासमोर धरला. "अलके, जवा केलं तवाचीच वेळ टाकायची. उशीर झाला तर झाला म्हनावं. खोटं लिहिलेलं मानसाच्या जिवावर बेततं." त्यानंतर माझ्या हातून मागची वेळ कधी पडली नाही.

आमच्या सूचनाफलकावर एकदा एक कागद लागला. सैन्याच्या राखीव वैद्यकीय पथकासाठी परिचारिका हव्या होत्या. आपली नोकरी सांभाळायची, वर्षातून महिनाभर सैन्याच्या रुग्णालयात जाऊन कॅम्प करायचा आणि देशाला गरज पडली तर बोलावणं येईल तेव्हा हजर व्हायचं, असा तो प्रकार. फलकापुढे उभं राहून सगळ्या हसत होत्या. सुवार्ता हसली नाही. चहाच्या टपरीवर तिनं मला विचारलं, "भरायचा का फॉर्म?" मी म्हटलं, "बंदूक धरावी लागंल का गं?" ती म्हणाली, "सुईच धरायची हाय. फकस्त ताठ उभं ऱ्हाऊन." तेव्हा आम्ही दोघी तिशी ओलांडलेल्या. मला दोन मुलं, घरी म्हशी, तरी तिच्या नादानं मीही फॉर्म भरला. मुलाखत नगरला होती. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडातून नगर काही जात नाही. सकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. इस्त्रीची साडी, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी. जसजशी गाडी पुढं जायला लागली तसतसं माझ्या डोक्यात एकच यायला लागलं. कुठं तरी लढाई लागली आणि खरंच बोलावलं तर? मुलांचं काय? कोल्हारला गाडी थांबली आणि मी पिशवी उचलून सरळ खाली उतरले. तिनं खिडकीतून खाली बघितलं. मला वाटलं आता चिडेल. ती म्हणाली, "जा घरी. मी सांगते तिथं, तुजं पोट बिघडलं म्हनून." गाडी निघून गेली. मी परतीच्या एसटीची वाट बघत तासभर तिथंच उभी होते आणि मला स्वतःची एवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

ती निवडली गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा माझ्यासाठी तिनं एक तोडगाच काढून आणला होता. "आता असं कर. मी कॅम्पला जाईन, तू माजी ड्यूटी धर. म्हंजी दोघी मिळून झालो भरती." तेव्हापासून दरवर्षी हिवाळा आला की ती अर्ज घेऊन यायची आणि मी सही करायची. महिनाभर माझं काम दुप्पट व्हायचं, मी कुरकुर करायची, पण मनातून बरं वाटायचं. कोल्हारला उतरलेल्या बाईला तेवढाच एक आधार होता. तिची एक काळी पत्र्याची पेटी होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ती पेटी ट्रॅक्टरवर, टेम्पोत, एकदा तर उसाच्या बैलगाडीवर बसून एसटी स्टॅंडला गेली. परत आली की सुवार्ता आठवडाभर वॉर्डातून परेड केल्यासारखी चालायची. चादरीचे कोपरे असे दुमडायची की पेशंटला पाय हलवता येऊ नये. वॉर्डातल्या मावशा तिला मिलिटरीवाली सिस्टर म्हणायच्या, आणि मी तर विचारूच नका, ती दिसली की टाचा जोडून सॅल्यूट ठोकायची.

तिथं ती काय शिकून येते हे मला एकदाच दिसलं. शिर्डीहून परतणारी भाविकांची गाडी उलटली आणि सकाळच्या ओपीडीच्या गर्दीत वीस-बावीस जखमी एकदम दारात आले. डॉक्टर एकटेच, नातेवाइकांचा आरडाओरडा, आम्हाला कुणाकडे धावावं कळेना. मी हात मोडलेल्या एका धिप्पाड माणसाकडे धावले, कारण तो सगळ्यांत मोठ्यानं बोंबलत होता. सुवार्तानं माझा दंड धरून मला मागं ओढलं. "त्यो वरडतोय म्हंजी त्याचा श्वास चालू हाय. गप पडलेत ते बघ आदी." स्वतः दारात उभी राहिली आणि एकेकाच्या कपाळावर खडूनं खूण करत गेली. हा आत, हा बाहेर, ह्याला पाणी देऊ नका. भिंतीला टेकून एक म्हातारी शांत बसली होती, कुणाचं लक्षही नव्हतं. तिला तिनं सगळ्यांत आधी आत घेतलं. म्हातारीच्या पोटात रक्तस्राव होत होता. ती वाचली. तो हातवाला आम्हाला शिव्या घालत बाहेर बसून राहिला. दुपारी सगळं आटोपल्यावर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे कुठं शिकलात?" तर ही म्हणाली, "अलकानं सही केल्ती म्हनून शिकले." मी दुसरीकडं तोंड फिरवलं.

तिला एकच हौस होती. सीमेवर, उंचावर सैन्याची छोटी रुग्णालयं असतात, तिथं काम करायचं. "बर्फ बघायचाय मला. पन कामावर. सहलीला न्हाई." एका वर्षी निरोप आला की यंदाच्या कॅम्पमधून काही जणींना तशा ठिकाणी दोन महिन्यांसाठी पाठवणार आहेत. तिचं वय तेव्हा मर्यादेच्या टोकाला आलेलं, त्यामुळे ही पहिली आणि शेवटची संधी. नगरच्या बाजारात भर ऑक्टोबरच्या उन्हात तिनं कान झाकणारी लोकरी टोपी विकत घेतली आणि वॉर्डात घालून दाखवली. घामानं निथळत होती. आम्ही हसून हसून लोळलो.

नेमकं त्याच हंगामात आमच्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. पुण्याहून त्यांना घरी आणलं आणि मी आठवडाभरात कामावर रुजू झाले, कारण रजा संपली होती. घरी ह्यांचं पथ्यपाणी, सासूबाई अंथरुणावर, इकडे ड्यूटी. त्या दिवसांतलं मला धड काही आठवत नाही. एक दुपार तेवढी आठवते. चादरींच्या कपाटाला टेकून मी बसल्या बसल्या झोपले होते. जागी झाले तर अंगावर सुवार्ताचा स्वेटर, आणि माझी इंजेक्शनं कुणीतरी देऊन टाकलेली. मग थोड्या दिवसांनी कळलं, सिस्टर गायकवाड, म्हणजे आमची सुवार्ता, यंदा कॅम्पला जात नाहीत, गुडघा दुखतोय.

आणि मी काय करावं? मी तिची टिंगल केली. आधी हळूच, मग उघड. एवढी टोपी घेतली आणि ऐन वेळी बाईंचा गुडघा बोलला. मनात कुठंतरी मला बरंही वाटलं असेल... मी कोल्हारला उतरले होते, ही घरातूनच निघाली नाही, म्हणजे फिटंफाट. पुढच्या वर्षी वयाची मर्यादा आली आणि तिचे कॅम्प संपले. माझी टिंगल संपली नाही. पायऱ्या आल्या की मी विचारायची, "गुडघा काय म्हणतोय?" निवृत्तीच्या समारंभात तर मी माईक हातात घेऊन सांगितलं, "आमच्या मिलिटरीवाल्या सिस्टर कुणाला भ्यायल्या नाहीत, फक्त स्वतःच्या गुडघ्याला भ्यायल्या." सगळा हॉल हसला. सगळ्यांत जास्त ती हसली, आणि खुर्चीवरून उठताना मुद्दाम गुडघा चोळत उठली.

दफनाच्या दिवशी पाळकसाहेब बोलले ते मला ऐकू आलं, पण मनात शिरलं नाही. पंधरा दिवसांनी दिनकरनं बोलावून घेतलं. "ताई, अक्काची पेटी तुमीच उघडा. आमाला त्यातलं काय कळतंय." तिची खोली तशीच होती. चादरीचे कोपरे दुमडलेले, बूट पलंगाखाली टाचा जुळवून. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "गुडघ्याच्या गोळ्या सापडतील बघ आता एखादी बरणीभर." दिनकर माझ्याकडे बघत राहिला. "कशाच्या गोळ्या? अक्काचा गुडगा कवा दुखला? जायच्या आदल्या दिशी पानी न्हाई आलं म्हनून दोन हंडे जिन्यानं वर आनले तिनं."

मी पेटी उघडली. वर गणवेश, त्याखाली पट्टा, शिट्टी, आणि ती लोकरी टोपी, किमतीची चिठ्ठी अजून अडकवलेली. टोपीच्या आत चार घड्यांचा एक कागद होता. आमच्या रुग्णालयाचा रजेचा अर्ज. कारण: वार्षिक कॅम्प. तारीख त्याच वर्षीची, ह्यांना पुण्याहून आणल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली. तिचं वळणदार अक्षर, सगळे रकाने भरलेले, खाली तिची सही. 'बदली कर्मचारी' या रकान्यात माझं पूर्ण नाव. त्यापुढची सहीची जागा कोरी. म्हणजे ती त्या दुपारी हा कागद खिशात घालून माझ्याकडे आली होती. मी कपाटाला टेकून झोपलेली दिसले. तिनं स्वेटर काढून माझ्या अंगावर घातला, माझी इंजेक्शनं दिली, आणि कागद घेऊन परत गेली. दुसऱ्या कुणाकडे सही मागितली असती तर मिळाली असती. पण ती गेली असती तर महिनाभर कॅम्प आणि वर ते दोन महिने, तेवढा काळ माझ्या मागं उभं राहणारं कुणी नव्हतं, हे तिला माझ्याआधी कळलं. तिनं माझ्या पोटाचं निमित्त सांगितलं होतं, तसंच स्वतःच्या गुडघ्याचं सांगितलं. आणि मी त्या गुडघ्यावर भर हॉलमध्ये हशा पिकवला. तिनं तो हशाही चोळून घेतला.

दिनकर दारात उभा होता. "काय हाय ताई त्यात?" मी म्हटलं, "तुझ्या अक्काची रजा अडकून पडली होती." मग मी पेटीच्या काठावरच कागद सपाट केला आणि रडता रडता त्याच्याकडे पेन मागितलं. माझ्या नावापुढे सही केली. खाली तारखेची जागा होती. क्षणभर वाटलं, तेव्हाची टाकावी, त्या दुपारची. पण तसा कागद तिनं माझ्या हातात परत ठेवला असता. मी आजची तारीख टाकली, घडी घातली आणि टोपीत ठेवून पेटी लावून टाकली.